ओळंबा आणि उभा माणूस

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान. फळ्यावर काढून आणि समोर उभं राहून जे दाखवलं, ते इथे शब्दांत आणायचा प्रयत्न केला आहे.)



कार्यवाहांनी ओळख करून देताना मला चित्रकार म्हटलं. ते त्यांचं प्रेम. मी राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहे. शिक्षण म्हणाल तर पॉलिटेक्निकमधला स्थापत्याचा डिप्लोमा. गेली वीसेक वर्षं रविवारी सकाळी वही घेऊन बाहेर पडतो आणि माणसं काढतो, एवढाच माझा चित्रकलेशी संबंध. तेव्हा आज मी कलेवर बोलणार नाही. वजनावर बोलणार आहे. तो माझ्या खात्यातला विषय आहे.

सुरुवात आपल्या शेजाऱ्यापासून करू. बडा गणपती इथून हाकेच्या अंतरावर आहे. मूर्ती साधारण पंचवीस फूट उंच. विटा, चुना, गूळ, मेथी अशा गोष्टी घालून ती घडवली असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. लोक तिथे हात जोडतात, मीही जोडतो, पण नोकरीची खोड जात नाही. माझी नजर आधी बैठकीकडे जाते. मांडी रुंद, पोट खाली आलेलं, सगळा भार जमिनीलगत आणि पाया ऐसपैस. विटा-चुन्याच्या कामाला याहून सुरक्षित आकार नाही. मराठीत ‘बैठक’ हा शब्द बसण्यालाही आहे आणि पायालाही आहे, हे मला फार आवडतं.

परवा आपल्या बालगोपाळांच्या स्पर्धेतली चित्रं पाहिली. गणपती बहुतेकांचा छान बसला आहे. खरंच बसला आहे! पण आरतीला उभी असलेली माणसं? ती कागदावर लोंबतायत. कुणाचे पाय जमिनीला लागत नाहीत, कुणी असा कलला आहे की पुढच्या क्षणी ताटासकट समईवर पडेल. यात मुलांचा दोष नाही. बसलेला गणपती सोपा असतो, उभा माणूस कठीण. विचार करा ना, साडेपाच फुटांचं बांधकाम आणि पाया किती? दोन पावलांपुरता. नऊ-दहा इंचांच्या दोन पट्ट्या! असा नकाशा माझ्याकडे मंजुरीला आला तर मी परत पाठवीन. आणि तरी माणूस उभा राहतो, चालतो, डोक्यावर घागर घेऊन चढ चढतो. तो हे कसं करतो हे कागदावर दिसलं की चित्रातला माणूस उभा राहिला. नाही दिसलं, तर नाकडोळे कितीही सुरेख काढा, तो कात्रणासारखा चिकटवलेलाच दिसतो.

माझ्या हातात हे काय आहे ते बहुतेकांनी ओळखलं असेल. दोऱ्याला बांधलेला पितळी लंबक. इकडचे मिस्त्री याला साहूल म्हणतात, आपण ओळंबा म्हणतो. भिंत सरळ आहे की नाही ते हा सांगतो. चित्रकारालाही हाच लागतो. आपल्या जुन्या शिल्पशास्त्रात मूर्तीच्या मधोमध एक उभी रेषा धरतात, तिला ब्रह्मसूत्र म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम या दोऱ्याचंच.

आता जरा सगळ्यांनी उभं राहा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी बसूनच बघा, सक्ती नाही. दोन्ही पायांवर सारखा भार द्या. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये एक खळगा आहे, तिथे बोट ठेवा. तिथून हा ओळंबा सोडला तर तो दोन टाचांच्या मधोमध पडेल. आता सगळा भार उजव्या पायावर घ्या आणि डावा गुडघा सैल सोडा. बसची वाट पाहताना उभं राहतो तसं. दोन्ही हात कमरेवर ठेवून बघा. उजवी बाजू वर गेली ना? भार घेणाऱ्या पायाकडचं कमरेचं हाड वर जातं आणि बाहेर येतं. आता खांद्यांकडे लक्ष द्या. उजवा खांदा खाली उतरला आहे. कंबर एका बाजूला चढली की खांदे उलट बाजूने उतरतात. आणि गळ्याच्या खळग्यातून सोडलेला ओळंबा आता मध्ये पडत नाही, उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला येतो. एवढं एक जरी आज घरी नेलंत तरी माझं काम झालं. बसा.

शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं धरता येतं तो बिंदू उभ्या माणसात बेंबीच्या किंचित खाली, आत मणक्याच्या बाजूला असतो. जमिनीपासून मोजलं तर उंचीच्या पंचावन्न टक्क्यांच्या आसपास. या बिंदूतून खाली सोडलेली रेषा पावलांनी व्यापलेल्या जागेच्या आत पडली पाहिजे. बाहेर गेली की माणूस एकतर पडतो किंवा पाऊल टाकतो. चालणं म्हणजे दुसरं काय? पुढे पडायचं आणि वेळेवर पाय पुढे नेऊन स्वतःला सावरायचं. म्हणून चालणारा माणूस काढताना तो थोडा पडताना दिसला पाहिजे. ओळंब्यात काढलेला चालणारा माणूस पुतळ्यासारखा ठप्प उभा राहतो.

पटत नसेल तर घरी एक गंमत करा. भिंतीला पाठ आणि टाचा टेकून उभे राहा आणि गुडघे न वाकवता समोर टाकलेलं नाणं उचलायचा प्रयत्न करा. येणार नाही. वाकताना आपण नकळत कंबर मागे नेतो, भिंत ती नेऊ देत नाही. मोठ्यांना वाकून नमस्कार करणारा माणूस काढताना मुलं नेमकं हेच विसरतात. डोकं पुढे गेलं, मग मागे काहीतरी गेलंच पाहिजे. हिशेब दोन्ही बाजूंना जुळावा लागतो.

आता जरा देवळात जाऊ. पंढरीचा विठोबा कसा उभा आहे? समचरण. दोन्ही पाय जुळलेले, हात कमरेवर, ओळंबा बरोबर मधोमध. आणि मुरलीधर? एका पायावर भार, दुसरा पाय पुढून आडवा टेकवलेला, कंबर एकीकडे, छाती दुसरीकडे, मान पुन्हा पहिल्या बाजूला. तीन ठिकाणी वळण, म्हणून त्रिभंग. आपल्या परंपरेत उभं राहण्याची नावं आहेत: समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१४ च्या सुमारास भारतीय शरीररचनेवर छोटं टिपण लिहिलं, त्यात हे प्रकार याच दोऱ्याच्या आधाराने समजावले आहेत. ग्रीकांनीही ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकात एका पायावर भार दिलेला भालाईत घडवला आणि पुढे सगळ्या युरोपने तो गिरवला. भालाईताच्या संगमरवरी प्रतींमध्ये पायामागे झाडाचा बुंधा दिसतो. तो शोभेचा नाही. दगडाचा घोटा एवढं वजन पेलत नाही, मोडतो, म्हणून टेकू दिला आहे. आपल्याकडच्या मूर्तीला मागची शिळा किंवा प्रभावळ तेच काम करते. आमच्या खात्याची माणसं सगळ्या काळात होती म्हणायची.

विठोबाबद्दल मला एक वाटतं, पटलं नाही तर सोडून द्या. समचरण उभं राहणं माणसाला फार वेळ जमत नाही. पाच-दहा मिनिटांत आपण एका पायावर जातो, मग दुसऱ्या. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत आठवत असेल. तो मात्र हललेला नाही. एवढं मोठं वाट पाहणं त्या दोन पावलांतून दिसतं.

महाराष्ट्रातलं आणखी एक उदाहरण सांगतो. गणपतराव म्हात्रे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी होते, तेव्हा १८९५-९६ च्या सुमारास त्यांनी एक पुतळा केला. ‘मंदिरपथगामिनी’. नऊवारी नेसलेली, पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी. अनेकांनी छायाचित्र पाहिलं असेल. लोक नऊवारीच्या चुण्यांचं कौतुक करतात, आणि त्या आहेतही तशा. पण चुण्या चांगल्या का दिसतात? त्यांच्या आत पाय आहेत म्हणून. कापडाला स्वतःचं वजन असतं, ते वरून खाली लोंबतं, आणि जिथे शरीर त्याला अडवतं तिथे चुणी पडते. आतलं शरीर नीट उभं नसेल तर साडी खुंटीवर टांगल्यासारखी दिसते. म्हणूनच कलाशाळांमध्ये उघड्या शरीरावरून अभ्यास करायची पद्धत आली. जे. जे. मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ च्या सुमारास असा वर्ग सुरू केला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत या विषयावर अजून आवाज खाली येतो, मला ठाऊक आहे. इथेही दोन-तीन जणांनी चुळबूळ केली. पण जी व्यक्ती तिथे वीस-वीस मिनिटं न हलता उभी राहते, तिचं काम किती कष्टाचं आहे हे एकदा स्वतः उभं राहून बघावं. भार घेतलेल्या पायाला आधी मुंग्या येतात, मग तो थरथरतो. चांगले शिक्षक उभं राहण्याआधी पावलांभोवती खडूने खूण करतात, म्हणजे विश्रांतीनंतर पुन्हा त्याच जागी पाय ठेवता येतो. मॉडेलला फक्त आकार समजणाऱ्या विद्यार्थ्याच्या चित्रात हा थकवा येत नाही, आणि थकवा नाही म्हणजे वजनही नाही.

हे सगळं आपल्या गावाला परकं नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर या मराठी माणसाने १९२७ साली इंदूरला चित्रकलेची शाळा उभी केली, होळकर संस्थानाच्या काळात. तिथून नारायण श्रीधर बेंद्रे निघाले. जन्म इथला, १९१०. पुढे बडोद्याच्या कला विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. महेश्वरचे देवकृष्ण जटाशंकर जोशी निघाले, ज्यांच्या चित्रांत आपला माळवा आणि निमाड दिसतो. मकबूल फिदा हुसेन जन्माने पंढरपूरचे, पण वाढले इंदूरला आणि याच शाळेत शिकले. विष्णू चिंचाळकर निघाले, आपले गुरुजी. आजचं शासकीय ललित कला महाविद्यालय ही त्याच शाळेची पुढची पिढी. आपल्यातल्या किती घरांत ही नावं मुलांना माहीत आहेत? हात वर करायला सांगत नाही, उगाच वातावरण बिघडेल.

चिंचाळकर गुरुजींचं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. वाळकी काटकी, सालीचा तुकडा, फेकून दिलेली वस्तू घ्यायचे आणि त्यात माणूस दाखवायचे. एखाद्या काटकीत माणूस दिसतो आणि शेजारच्या काटकीत दिसत नाही, असं का होतं? मी यावर बराच विचार केला आहे. नाकडोळे दोघींनाही नाहीत. जिच्या वळणात भार पेलल्याची खूण आहे, जी कुठेतरी कमरेत मोडली आहे आणि तरी उभी आहे, तिच्यात माणूस दिसतो. झाडालाही गुरुत्वाकर्षण आहेच की. फांदी वाऱ्याशी आणि स्वतःच्या वजनाशी जुळवून घेत वाढते, म्हणून ती आपल्यातली वाटते.

आता थोडं घरातलं. आमची आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पोळ्या करते. मी तिला काढायचो, कारण ती तासभर एका जागी मिळते आणि मॉडेलचे पैसे मागत नाही. सुरुवातीच्या वह्यांत ती नेहमी उजव्या पायावर उभी आहे आणि डावं पाऊल उजव्या पोटरीला टेकवलेलं. बगळ्यासारखं. अशा उभ्या राहणाऱ्या बायका तुमच्याही घरात असतील. एका दिवाळीत जुन्या वह्या चाळत होतो. मी प्रत्येक पानावर तारीख घालतो, ती खात्याची सवय. तर मधल्या एका वर्षापासून बगळा नाहीसा झाला होता. दोन्ही पाय जमिनीवर, फाकलेले. नंतरच्या पानांवर भार डावीकडे. त्यापुढे डावा हात ओट्यावर टेकलेला, आणि तो हात साधा ठेवलेला नाही, त्यावर वजन आहे. मनगट मोडलेलं, खांदा कानाकडे चढलेला. म्हणजे हाताचा पाय झाला होता. तोंडाने आई एक शब्द बोलली नव्हती. विचारलं तर म्हणाली, “मला काय धाड भरलीय?” तरी घेऊन गेलो. उजव्या खुब्याचा सांधा झिजला होता.

पुढची गोष्ट इथल्या ज्येष्ठांनी कान देऊन ऐकावी. आईने काठी घेतली ती उजव्या हातात. शेजारीपाजारीही तेच म्हणाले, जिकडे दुखतंय तिकडे आधार घ्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी ती काढून डाव्या हातात दिली. दुखऱ्या पायाच्या उलट हातात. आई म्हणाली, हे काहीतरीच. मी मात्र घरी येऊन कागदावर तरफ काढली आणि ते चोख निघालं. एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला लोंबतं, आणि कंबर पडू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू तिला खाली ओढून धरतात. स्नायूंची बाजू आखूड, वजनाची लांब. त्यामुळे स्नायूंना वजनाच्या दुपटीने जोर लावावा लागतो आणि दोन्ही मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट दाब येतो. काठी उलट हातात असली तर ती लांबच्या बाजूला टेकू देते, थोड्याशा जोरात स्नायूंचं पुष्कळ ओझं कमी होतं. दुखऱ्या बाजूलाच धरली तर हा फायदा जवळजवळ मिळत नाही आणि माणूस तिकडेच झुकून चालतो. आता आईच्या नव्या चित्रांत काठी डावीकडे आहे आणि खांदे पूर्वीपेक्षा समतल. पोळ्या मात्र अजून तीच करते. त्यावर चर्चा नको, असा तिचा निरोप आहे.

थोडं हाताच्या कामाबद्दल, कारण पुढे बसलेली मुलं पेन्सिली घेऊन आली आहेत. आधी चेहरा काढायचा नाही. आधी जमीन, मग भार घेणारं पाऊल, मग तिथून वर गळ्याच्या खळग्यापर्यंत फिकट ओळंबा. त्यानंतर कमरेची तिरकी रेघ आणि खांद्यांची उलट तिरकी रेघ. अर्ध्या मिनिटात एवढं व्हायला हवं. खोडरबर खिशात राहू दे. पावलं गवतात किंवा कागदाच्या खाली लपवायची नाहीत. मोठमोठे लोकही ही पळवाट काढतात, तुम्ही काढू नका. जिथे वजन टेकलं आहे तिथे रेघ दाबून काढा: टाच, बसलेल्या माणसाची मांडी, ओट्यावरचा तळहात. जिथे काही टेकलेलं नाही तिथे रेघ हलकी सोडा. आणि मोबाइलमधल्या फोटोवरून सुरुवातीची दोन वर्षं तरी काढू नका. फोटो क्षणाचा असतो, त्यात माणूस उभं राहण्यासाठी काय काय करतो ते दिसत नाही. समोरचा माणूस सतत बारीक हलत असतो, आणि तेच तर शिकायचं आहे.

अनंत चतुर्दशीला तुम्हाला वर्षातला सगळ्यात मोठा वर्ग फुकट मिळतो. आपल्या गिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, झांक्या थांबल्या नाहीत. झांकीतल्या पुतळ्यांना आतून लोखंडी सळई असते, त्यांना तोल सांभाळायची गरज नाही. तरी ज्या पुतळ्याचा ओळंबा चुकतो तो डोळ्याला खुपतो, बघा. त्यांच्याबरोबर आखाड्याची पोरं असतात. लाठी फिरवणारा मुलगा हात एकीकडे टाकतो तेव्हा त्याची कंबर कुठे जाते? ढोल बांधलेला माणूस मागे किती रेलतो? घरचा गणपती पाटावर दोन्ही हातांनी छातीशी धरून नेणारा मुलगा पोट पुढे काढून चालतो, अगदी दिवस गेलेल्या बाईसारखा, कारण पुढचं ओझं मागे रेलूनच पेलता येतं. एका हातात बादली घेतलेल्याचा मोकळा हात आपोआप बाहेर उडतो. डोक्यावर ओझं असलेल्या बाईची मान मात्र ओळंब्यात असते, हलते ती कंबर. गर्दीत चित्र काढता येत नाही म्हणाल तर डोळ्यांनी बघा आणि घरी येऊन काढा. भार कुठे आहे, एवढा एकच प्रश्न प्रत्येकाकडे बघून विचारा.

शेवटी एक विनंती. मंडळाने रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ या वेळात हा हॉल द्यायचं कबूल केलं आहे. मुलं आणि मोठे, दोघांसाठी. बोर्ड आणि कागद मी आणीन. मॉडेल बाहेरून आणायचं नाही, आपल्यातल्याच कुणी वीस मिनिटं उभं राहायचं, आहेत त्याच कपड्यांत. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसायचं. हात टेकता येतील अशी खुर्ची मी पाहून ठेवली आहे, आणि म्हातारं माणूस खुर्चीतून उठतं कसं, हे शिकायला मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार? काठीवाल्यांना अर्थातच प्राधान्य. दाराशी वही ठेवली आहे, जाताना नाव लिहून जा. पहिल्या रविवारसाठी आईचं नाव मी तिला न विचारताच लिहिलं आहे.